आठ पौंड साखर
(जॉर्ज ऑर्वेल यांच्या अन्नविषयक लेखनासंबंधी)

जॉर्ज ऑर्वेल हे नाव घेतले की मराठी वाचकाला 'अ‍ॅनिमल फार्म' आणि 'नाइन्टीन एटी-फोर' ह्या दोन कादंबऱ्या आठवतात. हुकूमशाहीचा कडवा टीकाकार ही त्यांची प्रतिमा इतकी पक्की झाली आहे की, ह्याच लेखकाने संत्र्याच्या मुरंब्याची कृती लिहिली, चहा कसा करावा ह्याचे अकरा नियम घालून दिले आणि यॉर्कशर पुडिंगची तरफदारी केली, असे सांगितले तर ऐकणाऱ्याला ती थट्टा वाटते. आम्हांलाही प्रथम तशीच वाटली होती. आमच्या सेमिनरीत दुपारच्या जेवणाची पहिली दहा मिनिटे मौनाची असत. त्या वेळात आमच्यापैकी एकजण उभा राहून मोठ्याने वाचत असे. हेतू हा की आमचे इंग्रजी सुधारावे. अशाच एका दुपारी चहावरचा तो निबंध कानी पडला. ताटात डाळभात आणि कानात चहाच्या किटलीचा महिमा! मौन मोडले आणि वाचकाला पुस्तक मिटावे लागले.

त्या हशानंतर पुष्कळ वर्षांनी ऑर्वेल यांचे अन्नाविषयीचे सर्व लेखन आम्ही सलग वाचून काढले. ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही, असे आमचे मत झाले. त्यात एक गुण आहे आणि एक भेगही आहे. त्या दोन्हींविषयी येथे लिहावयाचे आहे.

प्रथम साहित्य कोणते, ते सांगितले पाहिजे. १९३३ सालच्या 'डाऊन अँड आउट इन पॅरिस अँड लंडन' ह्या पुस्तकात ऑर्वेल पॅरिसमधल्या उपाहारगृहाच्या तळघरात भांडी घासतात आणि लंडनमध्ये भटक्या निराधारांबरोबर चहा-पावावर दिवस काढतात. १९३७ सालच्या 'द रोड टु विगन पिअर' मध्ये इंग्लंडच्या उत्तर भागातील खाणकामगारांच्या घरातील चूल दिसते. पुढे दुसरे महायुद्ध संपल्यावर 'ईव्हनिंग स्टँडर्ड' ह्या लंडनच्या दैनिकात दोन छोटे निबंध आले : डिसेंबर १९४५ मध्ये 'इन डिफेन्स ऑफ इंग्लिश कुकिंग' आणि जानेवारी १९४६ मध्ये 'अ नाइस कप ऑफ टी'. १९४६ सालीच ब्रिटिश कौन्सिलने त्यांच्याकडून 'ब्रिटिश कुकरी' हा दीर्घ निबंध मुद्दाम लिहवून घेतला. परदेशी वाचकाला ब्रिटिशांच्या रोजच्या जेवणाची ओळख व्हावी, हा त्यामागील हेतू. निबंध हाती आला, संपादकांनी त्याचे कौतुक केले, आणि तो छापला मात्र नाही. उपासमारीच्या कडेला उभ्या असलेल्या युरोपातील वाचकापुढे अशा वेळी पक्वान्नांचे वर्णन ठेवणे शहाणपणाचे होणार नाही, असे त्यांनी लेखकाला कळविले. २०१९ साली ब्रिटिश कौन्सिलने त्या नकाराबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त केली. सत्तर वर्षांनंतरची ही क्षमायाचना वृत्तपत्रांना गमतीची वाटली. ती गमतीची नाही, असे आम्हांला वाटते; त्याकडे पुढे येऊ.

ब्रिटिशांचे जेवण म्हणजे उकडलेला कोबी, ही समजूत जगभर आहे आणि ती सर्वस्वी खोटी नाही. ऑर्वेल ते नाकारीत नाहीत. आपल्या देशबांधवांना भाजी करता येत नाही, कोबी नुसता पाण्यात उकळून ते तो खाण्याच्या लायकीचा ठेवीत नाहीत, हे ते मोकळेपणाने सांगतात. स्वस्त खाणावळी वाईट आहेत, आणि चांगले ब्रिटिश अन्न चाखावयाचे तर एखाद्या घरीच जेवावयास बोलावणे यावे लागते, हेही ते कबूल करतात. पण त्यानंतर ते ज्या वस्तूंची नावे घेतात, ती वाचताना माणूस खुर्चीत सावरून बसतो. धुरी दिलेला हेरिंग मासा. डेव्हनची घट्ट साय. मटणाबरोबर पुदिन्याची चटणी आणि डुकराच्या मांसाबरोबर सफरचंदाची. भाजत असलेल्या मांसाखाली ठेवून त्याच्याच गळणाऱ्या चरबीत तांबूस झालेले बटाटे. काकवीसारख्या दाट पाकाची ट्रीकल टार्ट. स्टिल्टनचे निळ्या शिरांचे चीज. नाताळचे काळसर पुडिंग, जे आठवडेच्या आठवडे मुरत ठेवावे लागते.

सकाळच्या न्याहारीचे त्यांचे वर्णन आम्हांला ह्या सर्वांत सरस वाटते. ब्रिटिश न्याहारी म्हणजे तोंडात टाकलेला घास नव्हे, ते बैठक मारून करावयाचे जेवण होय. आधी ओटची लापशी. स्कॉटलंडचा माणूस तिच्यात मीठ घालतो आणि इतर लोक साखर. मग मासा, किंवा बेकन आणि अंडी. शेवटी भाजलेला पाव, लोणी आणि संत्र्याच्या सालींचा मार्मालेड. (हा शब्द मूळचा पोर्तुगीज आहे. 'मार्मेलु' नावाच्या फळाच्या मुरंब्याला पोर्तुगीज लोक 'मार्मेलादा' म्हणत. ज्या वसईने १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीज अंमल पाहिला, तेथील वाचकांना ही आठवण करून दिल्यावाचून राहवत नाही.) ह्या वर्णनात विशेषणांचा सोस नाही. पदार्थ, त्याबरोबर काय, केव्हा, आणि कोणत्या वर्गाचे लोक तो खातात, एवढेच. सुखवस्तू घरात दुपारी 'लंच' आणि रात्री 'डिनर'; कष्टकऱ्याच्या घरात 'डिनर' दुपारी आणि संध्याकाळी चहाच्या नावाखाली पोटभर जेवण. एकाच शब्दाचा अर्थ माणसाच्या मिळकतीप्रमाणे बदलतो, हे त्यांनी दोन वाक्यांत दाखविले आहे. आमच्याकडचे किती ललित लेखक आपल्या पात्रांना काय जेवू घालतात, ते पाहावे. पुष्कळदा पाने वाढली जातात आणि पानांत काय आहे, ते कळतच नाही.

हा झाला गुण. आता भेग.

'ब्रिटिश कुकरी' च्या शेवटी काही पाककृती आहेत. त्यांत मार्मालेडची आहे : दोन सेव्हिल संत्री, दोन गोड संत्री, दोन लिंबे, आठ पाइंट पाणी आणि आठ पौंड साखर. कृती वाईट आहे, साखर आणि पाणी फार झाले, असा शेरा ब्रिटिश कौन्सिलच्या संपादकाने मारला होता. पाककलेच्या दृष्टीने संपादक बरोबर असावा. सहा फळांना साडेतीन किलोंहून अधिक साखर! आम्ही मात्र त्या आकड्यापाशी दुसऱ्याच कारणाने थांबलो. हा आकडा ऑर्वेल यांनी त्याआधी नऊ वर्षे एकदा लिहिला होता.

'विगन पिअर' मध्ये एका बेकार खाणकामगाराच्या कुटुंबाचा आठवड्याचा खर्च दिला आहे. नवरा, बायको, दोन लहान मुले. त्यांतले एक तान्हे. हाती सरकारी भत्त्याचे बत्तीस शिलिंग. घरभाडे नऊ शिलिंगांच्या वर गेले. मांसाला अडीच शिलिंग, दोन स्टोन म्हणजे अठ्ठावीस पौंड पिठाला तीन शिलिंग चार पेन्स. भाजीपाल्याला सगळे मिळून दहा पेन्स, दुधाला साडेदहा. फळांना काही नाही. आणि साखरेला एक शिलिंग नऊ पेन्स. ऑर्वेल तेथल्या तेथे हिशेब करून सांगतात की ही साधारण आठ पौंड साखर झाली. पांढरा पाव, मार्गारिन, डब्यातले मांस, बटाटे आणि साखर घातलेला चहा, हा त्या घराचा आहार.

तीच आठ पौंड साखर. एका ठिकाणी ती संत्र्यांबरोबर शिजते, दुसऱ्या ठिकाणी संत्रे घरात येतच नाही. एका ठिकाणी ती सुट्टीच्या सकाळची चैन, दुसऱ्या ठिकाणी ती अन्नाची जागा भरून काढते. हा योगायोग ऑर्वेल यांच्या ध्यानात आला असेल, असे वाटत नाही. आला असता तर 'ब्रिटिश कुकरी' वेगळ्या रीतीने लिहिला गेला असता. ब्रिटिश आहाराचा भर साखरेवर आणि प्राण्यांच्या चरबीवर आहे, असे ते ह्या निबंधात नोंदवतात. तो भर तसा का, ह्याचे उत्तर त्यांनी स्वतःच १९३७ मध्ये देऊन ठेवले होते. ज्याच्या खिशात पैसा असतो, तो सकाळी संत्र्याचा रस घेऊन समाधानाने राहू शकतो. जो बेकार, कंटाळलेला, अपमानित आहे, त्याला जिभेला काहीतरी चवदार हवे असते : तीन पेन्सचे चिप्स, आइसक्रीम, गोड चहा. अन्नशास्त्राच्या चारशे पुस्तकांनी हे समजावले नसते, असे आम्हांला वाटते. पण नऊ वर्षांनंतरच्या निबंधात हे कारण गळून गेले आहे आणि उरली आहे ती राष्ट्राची आवड.

यॉर्कशर पुडिंगचेही तसेच. पीठ, अंडे आणि दूध ह्यांचे सैल मिश्रण मांसाच्या तापलेल्या चरबीत भाजून फुगवावयाचे, ही त्याची कृती. ऑर्वेल ती प्रेमाने देतात. पण यॉर्कशरच्या जुन्या घरांत हे पुडिंग मांसाच्या आधी वाढीत, ते पोट अर्धे भरावे आणि महागडे मांस कमी लागावे म्हणून. गरिबीच्या युक्तीतून जन्मलेला पदार्थ पुढे राष्ट्राचा मान होतो. ह्यात वाईट काही नाही. पण युक्ती कोणाची होती, तेही सांगितले पाहिजे.

आणि ती युक्ती अर्थातच घरच्या बाईची होती. चांगले ब्रिटिश अन्न घरातच मिळते, हे ऑर्वेल दोन्ही निबंधांत आग्रहाने सांगतात. ते कोणाच्या हातचे असते, ह्याविषयी मात्र ते जवळजवळ गप्प आहेत. चरित्रकारांकडून कळते की त्यांची पत्नी आयलीन युद्धकाळात अन्न मंत्रालयात काम करीत होती. बीबीसीवरून 'द किचन फ्रंट' हा कार्यक्रम होई. तुटपुंज्या शिध्यात स्वयंपाक कसा भागवावा, ह्याची माहिती त्यातून गृहिणींना मिळे. त्याच्या तयारीत तिचा सहभाग होता. मार्च १९४५ मध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी ती वारली. इंग्लिश स्वयंपाकाचे समर्थन करणारा निबंध त्याच वर्षाच्या डिसेंबरात आला. त्यात तिचे नाव नाही. एखाद्याच्या दुःखाच्या मौनावर बोट ठेवणे आम्हांला प्रशस्त वाटत नाही. कदाचित तो निबंधच त्या रिकाम्या स्वयंपाकघरातून लिहिलेला असेल. तरीही वाचक म्हणून ती जागा रिकामी दिसते, एवढे नोंदविणे भाग आहे.

चहाच्या निबंधात भेग अधिक उघडी आहे. चहा भारताचा किंवा सिलोनचा हवा, भांडे आधी गरम करून घ्यावे, भांडे किटलीकडे न्यावे, किटली भांड्याकडे नव्हे, कपात आधी चहा आणि मग दूध. आणि अकरावा नियम, साखर नको. साखर घालणाऱ्याला चहाची चवच कळत नाही, असा त्यांचा पक्ष. निबंध गोड आहे आणि त्यामागे टंचाईचे भानही आहे. दोन औंसांच्या शिध्यातून वीस कप कडक चहा कसा काढावा, ही चिंता त्या काळी खरी होती. पण ज्याने विगनच्या घरातली साखर मोजली, त्यानेच साखरवाल्या चहाला नाक मुरडावे, हे आम्हांला रुचले नाही. शिवाय, इंग्लंडने सुखात राहावे म्हणून कोट्यवधी भारतीयांना उपासमारीच्या सीमेवर जगावे लागते, हे 'विगन पिअर' मध्ये स्वच्छ शब्दांत लिहिणारा माणूस हाच. तो मोतीहारीला १९०३ मध्ये जन्मला, १९२२ ते १९२७ ब्रह्मदेशात साम्राज्याच्या पोलिसांत होता. बंगालचा दुष्काळ पडला ते १९४३ साल त्याने बीबीसीच्या पूर्वेकडील विभागात, भारतासाठी कार्यक्रम करीत घालविले. त्यानंतर तीनच वर्षांनी तो भारतीय चहाची शिफारस करतो, तेव्हा तो चहा कोणी खुडला, हा प्रश्न त्याला पडावा, ही अपेक्षा अवाजवी नाही. निबंध हलकाफुलका आहे, त्याच्यावर एवढे ओझे कशाला, असे कोणी म्हणेल. हलक्याफुलक्या निबंधातच लेखक बेसावध असतो.

आता ब्रिटिश कौन्सिलच्या नकाराकडे. २०१९ मध्ये दिलगिरी व्यक्त झाली तेव्हा सर्वांचा सूर असा होता की एका थोर लेखकावर रुक्ष नोकरशाहीने अन्याय केला. आम्हांला ते इतके सरळ वाटत नाही. १९४६ साली ब्रिटनमध्ये शिधापत्रिका चालू होत्या. युद्धभर जो पाव शिधापत्रिकेवर गेला नव्हता, तो त्या वर्षीच्या जुलैत गेला. मांसावरचे नियंत्रण उठून शिधापद्धती संपावयास १९५४ उजाडले. माणशी साखरेचा शिधा युद्धकाळात बहुतेक वेळ आठवड्याला आठ औंसांचा होता; म्हणजे मार्मालेडच्या त्या एका कृतीला एका माणसाची सोळा आठवड्यांची साखर लागली असती. युरोपची स्थिती याहून वाईट होती. अशा वेळी भुकेल्या शेजाऱ्याच्या हाती आपल्या ताटाचे वर्णन देऊ नये, असे एखाद्या कारकुनाला वाटले, तर त्याला शिष्टाचार होता, असेच आम्ही म्हणू. निबंध चांगला होता. वेळ वाईट होती. आणि आमची शंका अशी की १९३७ चा ऑर्वेल त्या कारकुनाच्याच बाजूने उभा राहिला असता. संभावित बायका लंडनच्या गरीब वस्तीत जाऊन बेकारांच्या बायकांना काटकसरीने बाजार करण्याचे धडे देतात, ह्यावर संतापलेल्या एका वक्त्याचे म्हणणे त्याने त्या पुस्तकात मनःपूर्वक उचलून धरले आहे. आधी तीस शिलिंगांत राहावयास लावावयाचे आणि मग ते कसे खर्चावेत, हे शिकवावयाचे! प्रवचनपीठावरून काटकसरीचा उपदेश करणाऱ्या आम्हां धर्मगुरूंनाही ते वाक्य लागते.

तेव्हा ऑर्वेल यांच्या अन्नविषयक लेखनातले श्रेष्ठ कोणते, असे कोणी विचारले तर आम्ही गाजलेल्या निबंधांकडे बोट दाखविणार नाही. आम्ही 'डाऊन अँड आउट' मधली काही पाने पुढे करू. ऑर्वेल आपल्या ख्रिस्तसभेचे मित्र नव्हते. कॅथलिक लेखकांवर त्यांनी वेळोवेळी बोचरे लिहिले आहे आणि ते सर्वच न्याय्य नाही. पण ह्या पुस्तकात दोन दृश्ये आहेत, ती प्रत्येक धर्मग्रामाच्या सभेत वाचून दाखवावीत अशी आहेत. पहिल्यात निराधारांना चहा आणि बन दिले जातात व त्यापाठोपाठ त्यांना गुडघे टेकून प्रार्थना करावी लागते. चहा चांगला असतो, देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, आणि घेणारे मनातून चिडलेले असतात. दुसऱ्यात थेम्सच्या काठी रात्री रांगेत उभ्या असलेल्या माणसांना एक तरुण, गुबगुबीत, लाजरा पाळक जेवणाची तिकिटे वाटतो. तो नुसते 'गुड ईव्हनिंग' म्हणतो, प्रत्येकाच्या हातात तिकीट कोंबतो आणि आभाराची वाट न पाहता घाईने पुढे सरकतो. रांगेतला एकजण शिवी घालून म्हणतो की हा बुवा काही कधी बिशप होणार नाही. त्या वस्तीच्या भाषेत ही मनापासून केलेली स्तुती होती. पुढे कळते की त्या तिकिटांवर खाणावळवाला सहा पेन्सऐवजी चारच पेन्सचे अन्न देतो, कारण ह्या लोकांना दुसरीकडे जाता येत नाही. ऑर्वेल ते पाळकावर ढकलत नाहीत. ह्या पानांत जेवण आहे चहा, पाव आणि मार्गारिन एवढेच. पण देणारा हात, घेणारा हात आणि मधला चोर, तिघेही दिसतात. 'ब्रिटिश कुकरी' त हातच नाहीत, पदार्थ आहेत.

ह्या दृश्यांनी आम्हांला स्वस्थ बसू दिले नाही, हे लपविण्यात अर्थ नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१७ साली सुरू केलेल्या जागतिक गरीब दिनाच्या निमित्ताने आमच्या धर्मग्रामात धान्यवाटप होऊ लागले. मिस्सा संपली की कुटुंबांची नावे पुकारली जात. ती माणसे वेदीपुढे येत, पिशवी घेत, छायाचित्र निघे. ही रचना आमचीच होती आणि आम्हांला तिचा अभिमान वाटे. दुसऱ्या वर्षी एका वृद्ध विधवेचे नाव पुकारले गेले आणि ती बाकावरून उठली नाही. पुन्हा पुकारले. ती खाली पाहत बसून राहिली. पिशवी नंतर घरी पाठविली, तेव्हा शेजारणीने सांगितले की मावशी घरात आहेत, पण दार उघडणार नाहीत.

आता नावे पुकारली जात नाहीत. विन्सेंट डी पॉल संस्थेची मंडळी संध्याकाळी एकेकटी जातात, पिशवी आत ठेवतात आणि चहा घेतल्यावाचून परततात. गेल्या वर्षी पिशवीत काय असावे, ह्यावर सभेत चर्चा झाली. तांदूळ, तूरडाळ, तेल ह्यांवर मतभेद नव्हता. साखर निघाली तेव्हा एका सुशिक्षित सभासदाने सांगितले की वस्तीत मधुमेह वाढला आहे, साखर देणे योग्य नाही, त्याऐवजी कडधान्य द्यावे. सूचना समंजस होती. कोपऱ्यात बसलेल्या एक भगिनी म्हणाल्या, "फादर, नाताळ आहे. त्यांनी घरी करंज्या कशाच्या करायच्या?" थोडा वेळ कोणी बोलले नाही. कडधान्य घातले, आणि साखरही ठेवली, दोन किलो.